तिसऱ्या (शिंपले) रात्रभर पाण्यात ठेवल्या, तर वाळूबरोबर प्लास्टिकही निघतं का?

खाडीकाठची | रवि., रात्री ९.४०

माहेर रत्नागिरी, सासर ठाणे, त्यामुळे रविवारी मासळी ठरलेली. आज तिसऱ्या होत्या. चिरंजीव नववीत आहेत आणि शाळेत सूक्ष्मप्लास्टिकवर प्रकल्प करताहेत. पहिला घास घेता घेता त्याने विचारलं, "आई, तिसरी पाणी गाळून जगते ना? मग ती समुद्राची गाळणी झाली. आपण गाळणीतला गाळ खातोय का?"

झालं. घरात दोन तट पडले. मुलाने ताट सरकवलं. सासूबाईंचं म्हणणं, रात्रभर पाण्यात ठेवल्या की त्या वाळू सोडतात, तसंच जे काय असेल ते सोडत असतील, गेली पन्नास वर्षं आम्ही असंच करतो. यजमानांनी त्या गडबडीत दोघांच्या वाटणीच्या संपवल्या.

तर माहीतगारांनी सांगा. तळाशी राहणाऱ्या या जिवांच्या पोटात खरंच प्लास्टिक असतं का? आणि रात्रभर भिजवून ते निघतं का?

गरवाला | रवि., रात्री ९.५२

यजमानांचा मार्ग सर्वात शास्त्रीय वाटतो. शंका संपेपर्यंत जेवण संपलेलं असतं.

मृद्गंधा | रवि., रात्री १०.३५

सागरी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, प्रबंधाच्या वेळी वर्षभर शिंपल्यांचीच पोटं विरघळवली, म्हणून बोलते.

मुलाची उपमा बरोबर आहे, पण अर्धी. तळाशी राहणाऱ्यांच्या खाण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या. तिसऱ्या, कालवं, शिणाणे (मसल्स) पाणी आत ओढून त्यातले कण वेचतात. काही किडे आणि समुद्रकाकड्या चिखलच गिळतात, त्यातलं सेंद्रिय तेवढं पचवतात आणि बाकीचं मागे टाकतात, गांडुळासारखं. खेकडे, कोळंबी मेलेलं, कुजलेलं उकरून खातात. तिन्ही वाटांनी प्लास्टिक आत जाऊ शकतं. प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ साली ज्या निबंधातून हा विषय गाजवला, त्यातच हे तपासलं होतं. गाळणारा, चिखल गिळणारा आणि कुजकं खाणारा असे तीन तऱ्हांचे प्राणी टाकीत ठेवले आणि पाण्यात प्लास्टिकची भुकटी सोडली. थोड्याच दिवसांत ती तिघांच्याही पोटात सापडली.

आता उरलेली अर्धी बाजू. शिंपला ही मुकी गाळणी नाही. तो निवड करतो. नको असलेले कण पोटात न घेता शेंबडात गुंडाळून बाहेर फेकतो. अमेरिकेत कालवं आणि शिणाण्यांवर २०१९ मध्ये याचे नीट प्रयोग झाले. मोठे कण त्यांनी जास्त प्रमाणात नाकारले आणि जे गिळले गेले तेही बरेचसे लवकर बाहेर टाकले. त्यामुळे "शिंपल्यात जेवढं, समुद्रात तेवढं" असं गणित मांडता येत नाही.

कोल्हापुरी_ठसका | रवि., रात्री १०.४१

आमच्याकडं मटण. प्रश्न मिटला.

गरवाला | रवि., रात्री १०.४४

ठसकेबुवा, तुमचा बोकड उकिरड्यावर कॅरीबॅग चघळताना कधी बघितला नाहीत वाटतं. तो सूक्ष्म वगैरे भानगडीत पडत नाही, अख्खी पिशवी घेतो.

नाखवा | रवि., रात्री ११.१५

मी आलिबागकडचा. आता नोकरी करतो, पण घरात होडी आहे, सुट्टीत जातो.

सूक्ष्म दिसायला दुर्बीण लागते, स्थूल बघायचं तर आमच्या डोलीच्या (पिशवीसारख्या जाळ्याच्या) खोल्यात बघा. बोंबील, जवळा, करंदी आणि त्यांच्यात गुंतलेल्या दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, चपला. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेऱ्यांना तर मासळी निवडायची की कचरा, असा प्रश्न पडतो. निवडून झालं की कचरा बहुतेकदा परत पाण्यात जातो. खोटं कशाला बोलू, आम्हीही टाकलाय. आणून ठेवायचा कुठे?

आणि एक बोलतो, आवडणार नाही. आमच्या आज्याच्या वेळी जाळी सणाची आणि कापसाच्या सुताची असायची. दर थोड्या दिवसांनी रंगवायला, सुकवायला लागायची, कुजायचीही. आता सगळं नायलॉन आणि प्लास्टिकचा दोर. टिकतं, ओझं कमी, बाईमाणसाच्या मागची जाळी रंगवायची कटकट गेली. पण तो दोर कपीवरून ओढताना जी पिवळी-हिरवी कूस हाताला लागते, ती झिजून जाते कुठे? खालीच. शहराला शिव्या घालताना आमचा दोर विसरायचा, हे बरोबर नाही.

क्लाइडकाठचा | सोम., पहाटे ३.२०

नाखवा, तुमच्या दोरावरून आठवलं. मी ग्लासगोजवळ राहतो. इथे क्लाइडच्या आखातात चिखलात बिळं करून राहणारा एक लहान, नारिंगी शेवंडा मिळतो. ताटात आला की स्कँपी, बिळात असला की नॉर्वे लॉब्स्टर. २०११ साली इथल्या संशोधकांनी या शेवंड्यांची पोटं उघडली, तर ८३ टक्क्यांत प्लास्टिक. बहुतेक तंतू, काहींच्या पोटात तर त्यांचा सुतासारखा गुंता झालेला. आणि त्यातला मोठा वाटा जाळ्या-दोरांशी जुळणारा. ज्या जाळ्याने धरायचं, त्याचंच सूत त्याच्या पोटात.

गंमत पुढे आहे. या प्राण्याच्या जठरात दात असतात. तोंडाने तुकडे करायचे आणि पोटात दळायचे. गुंता तिथेच अडकून बसतो, पण कात टाकताना जठराचं अस्तरही जातं आणि त्याबरोबर गुंता. म्हणजे कात टाकली की पोट साफ. माद्या मोठ्या झाल्यावर कमी वेळा कात टाकतात, त्यामुळे त्यांच्याकडे साठण जास्त. सार्डिनियाच्या समुद्रातल्या अशाच शेवंड्यांमध्ये २०२० साली आणखी एक गोष्ट दिसली. जठरातलं जातं प्लास्टिकही दळतं आणि पुढे आतड्यात गेलेले तुकडे पोटातल्यांपेक्षा बारीक असतात. म्हणजे आपण टाकलेल्या पिशवीचं पीठ करायचं कामही फुकटात चालू आहे.

(इथे थंडी आहे, झोप येत नाही, म्हणून एवढं लांबलं.)

शंकासुर | सोम., सकाळी ८.०५

सकाळी सकाळी विरजण घालतो.

एक. "आठवड्याला एक क्रेडिट कार्ड एवढं प्लास्टिक पोटात जातं" हे वाक्य अजून कुणी टाकलं नाही, पण टाकेलच. २०१९ च्या एका अंदाजातली 'पाच ग्रॅमपर्यंत' ही कमाल मर्यादा होती, बातम्यांनी तिचं 'रोजचं जेवण' केलं. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने वेगळ्या रीतीने गणित केलं, तर मोठ्या माणसाचं सर्वसाधारण सेवन दिवसाला ५८३ नॅनोग्रॅम आलं. आठवड्याला सुमारे चार मायक्रोग्रॅम. ग्रॅम कुठे, मायक्रोग्रॅम कुठे.

दोन. हे जे सगळीकडे "तंतू, तंतू" चाललंय, ते सगळे प्लास्टिकचे असतात हे कुणी ठरवलं? जगभरच्या समुद्रपृष्ठावरून गोळा केलेल्या तंतूंची २०२० मध्ये नीट रासायनिक तपासणी झाली. कृत्रिम फक्त ८ टक्के. बाकी कापूस आणि तत्सम सेल्युलोज ७९ टक्के, लोकर वगैरे १२ टक्के. नुसतं दुर्बिणीखाली रंगीत तंतू मोजून "प्लास्टिक सापडलं" म्हणणारे निबंध ढिगाने आहेत.

तेव्हा मुलाला ताट पुढे ओढायला सांगा.

मृद्गंधा | सोम., सकाळी ९.३०

शंकासुर, दुसऱ्या मुद्द्याशी बरीचशी सहमत. आमच्या प्रयोगशाळेची हीच रड होती. पद्धत सांगते. शिंप्यातला मगज दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून गरम ठेवायचा, मगज विरघळतो, बहुतेक प्लास्टिक तगतं. मग गाळायचं आणि गाळणकागद दुर्बिणीखाली घ्यायचा. पहिल्या महिन्यात माझ्या प्रत्येक नमुन्यात गुलाबी तंतू. मी खूश, शोध लागला! बाईंनी शांतपणे माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं. त्यानंतर वर्षभर एकाच रंगाचे सुती कपडे, आणि प्रत्येक नमुन्याशेजारी एक रिकामी बशी उघडी ठेवायची. तिच्यात जेवढे तंतू पडतील तेवढे हवेतले, ते वजा. शेवटी उरलेल्यांचा वर्णपट काढून कोणता नायलॉन, कोणता कापूस हे ठरवायचं. या पायऱ्या गाळलेले आकडे मीही मानत नाही.

पण तुमच्या आठ टक्क्यांना दोन पुरवण्या. ते आकडे पृष्ठभागाच्या पाण्याचे आणि फक्त तंतूंचे आहेत, धागा तळाचा आहे. नायलॉन, पॉलिएस्टर, पीव्हीसी पाण्याहून जड, ते बुडतातच. आणि सेल्युलोज म्हणजे शेतातला निरागस कापूस असंही नाही, त्यात व्हिस्कोज येतं आणि रंग-रसायनं चढवलेलं कापडही.

जुनी_सदस्या | सोम., सकाळी १०.१०

ओढणीचा किस्सा आवडला. इतका चांगला शोध एका कपड्याने बुडवला.

मांडवीची_सून | सोम., दुपारी १.२५

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे शिणाणे आणि तिसऱ्यो याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या मंडळींनी साळ नदीच्या मुखाकडे पाणी, तळाचा गाळ, शिंपले आणि मासे असं सगळं तपासलं होतं. सगळीकडे सापडलं, आणि तंतूच जास्त. त्या वेळी पेपरात आलं आणि आठवडाभर बाजारात शिंपले स्वस्त झाले. मी दुप्पट घेतले.

एक विचारते. पिशव्या, बाटल्या तर तरंगतात. मग तळाशी कसं पोचतं?

क्लाइडकाठचा | सोम., सायं. ५.४५

तरंगणाऱ्यावर शेवाळ, जिवाणू, बार्नेकल चढतात, वजन वाढतं, बुडतं. वरच्या थरातले बारीक जीव खातात, त्यांची लेंडी बुडते. मेलेले जीव, शेंबूड, लेंड्या यांचे पुंजके सतत खाली झरत असतात, खोल समुद्रात तेच अन्न. त्यातच प्लास्टिक मिसळतं. आणि खाली गेल्यावर पसरतही नाही सारखं. तळाचे प्रवाह ते वाहून नेऊन ठरावीक जागी ढीग घालतात. इटलीजवळच्या तिरेनियन समुद्रात २०२० मध्ये अशा एका ढिगात तळाच्या पातळ थरात चौरस मीटरला १९ लाख तुकडे मोजले गेले. नदी वळणावर गाळ टाकते, तसंच. मुश्कील अशी की हेच प्रवाह तिथल्या जिवांना प्राणवायू आणि अन्नही आणून देतात.

सर्वात खोल जागांपर्यंत पोचलंय. मारियाना धरून पॅसिफिकच्या सहा गर्तांत मढी खाणारे कोळंबीसारखे जीव पकडले, ७,००० मीटरपासून जवळजवळ ११,००० मीटरपर्यंतचे. ९० पैकी ६५ जणांच्या पोटात काही ना काही तंतू-तुकडे. मारियानामधल्या तर प्रत्येकाच्या. २०२० मध्ये त्या गर्तेतल्या अशाच जिवाची एक नवी जात जाहीर झाली. तिच्या पोटात बाटलीवालं प्लास्टिक निघालं, म्हणून शास्त्रीय नावच ठेवलं युरिथेनेस प्लास्टिकस. बारशाच्या आधीच बाटलीची सवय.

मला स्वतःला त्याहून लागलेली गोष्ट वेगळी. स्कॉटलंडच्या पश्चिमेला रॉकॉलच्या दरीत, २,००० मीटरहून खोल, तारामासे आणि ठिसूळ तारे (त्यांचे भाऊबंद) १९७६ पासून वेळोवेळी गोळा करून बरण्यांत जपून ठेवलेले होते. अलीकडे त्या बरण्या उघडून तपासल्या, तर १९७६ च्या तारामाशांतही प्लास्टिक. मी त्या साली जन्मलोय.

शंकासुर | सोम., सायं. ६.०२

१९७६ ला प्लास्टिक खाल्लेले तारामासे आणि १९७६ ला जन्मलेले तुम्ही. दोघंही ठणठणीत. माझं म्हणणं हेच.

क्लाइडकाठचा | सोम., सायं. ६.०५

मी ठणठणीत आहे. तारामासा बरणीत आहे.

मृद्गंधा | सोम., सायं. ७.२०

:) पण परिणाम काहीच नाही असंही नाही. किनाऱ्याच्या वाळूत नळीसारखं बीळ करणारा लगवर्म नावाचा किडा आहे. वाळूत वजनाने पाच टक्के पीव्हीसीची भुकटी मिसळून त्याला महिनाभर ठेवलं, तर तो कमी खायला लागला, चिखल पोटात जास्त वेळ रेंगाळला आणि अंगातला ऊर्जेचा साठा निम्म्यापर्यंत घटला. पाच टक्के हे फार झालं, शंकासुर म्हणतीलच, आणि मीही म्हणते. पण हा किडा म्हणजे किनाऱ्याचा नांगरगडी आहे. त्याने खाणं कमी केलं की वाळूची उलथापालथ कमी होते आणि मग तिथे राहणाऱ्या बाकीच्यांची हवा कोंडते. आपण सगळे "माझ्या ताटात किती" एवढंच विचारतोय. चिखलात जो जन्मभर बसणार आहे त्याची चौकशी कुणी करत नाही.

सुईटोचे | सोम., रात्री ९.००

डॉक्टर म्हणून थोडं. माणसाला यातून नेमका किती धोका, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात म्हटलंय. तिथे मी थांबतो, व्हॉट्सॲपवर ते थांबत नाहीत. माझ्या ओपीडीत शिंपले खाऊन आलेल्यांना जुलाब होते, प्लास्टिक नव्हतं. खाडीत सांडपाणी सोडलेलं असतं आणि शिंपले तेही गाळतात. तोंड न उघडलेली शिंपी शिजवल्यावर फेकून द्या, अर्धवट शिजवू नका.

माशांत बहुतेक प्लास्टिक आतड्यात असतं, ते आपण काढून टाकतो. कोळंबीचा काळा दोरा काढता, तेच तिचं आतडं. तिसऱ्या, कालवं, सुकट, जवळा मात्र पोटासकट जातात. फरक एवढाच.

क्लाइडकाठचा | सोम., रात्री ११.३०

डॉक्टरांना जोड. एडिनबर्गच्या संशोधकांनी स्कॉटिश शिणाणे तपासून हिशेब केला. ब्रिटनमधल्या माणसाच्या पोटात शिणाण्यांतून वर्षाला १२३ कण जातात. आणि जेवताना घरातल्या धुळीतून ताटात पडणारे तंतू? वर्षाला १३,७३१ ते ६८,४१५. सोफा, पडदे, गालिचा, अंगातला स्वेटर.

खाडीकाठची | मंगळ., सकाळी ७.१५

हे मुलाला वाचून दाखवलं. आता तो पंखा बंद करून जेवतो. ठाण्यात. ऑक्टोबरमध्ये. धन्यवाद मंडळी.

जुनी_सदस्या | मंगळ., सकाळी ९.४०

अवांतर: तिसऱ्यांचं एकशिपी कुणी नीट लिहील का? माझ्या हातून दोन्ही शिंपा निघून येतात.

मांडवीची_सून | मंगळ., सकाळी १०.०५

आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, तोंडं सैल पडतात. मग विळीवर धरून उघडायच्या, मगज एका शिंपीत राहू द्यायचा, रिकामी शिंपी टाकायची. आतलं पाणी सांडायचं नाही, सगळी चव त्यात. ओलं खोबरं, हळद, मिरची, कोकम. पाणी वरून घालायचं नाही.

नाखवा | मंगळ., सकाळी ११.३०

कोकम शेवटी. आधी घातलं तर मगज चिवट होतो.

सुकतीचो_राजा | मंगळ., दुपारी २.१०

गाव मालवण. मूळ प्रश्न सगळे इसारले. एक गोष्ट सांगतंय. नळाच्या पाण्यात तिसऱ्यो तोंडा उघडनत नाय. गोडा पाणी लागला की घट मिटून बसतत. रात्रभर ठेव नायतर आठवडाभर, आतलो गाळ आतच. आमची आये खाडीचाच पाणी कळशीत घेऊन येय, त्यात ठेवी. घटकाभरात जिभो बाहेर.

मृद्गंधा | मंगळ., दुपारी ३.००

राजे, वंदन. हेच उत्तर होतं आणि दीड दिवस कुणी दिलं नाही, माझ्यासकट.

सासूबाईंची रीत अर्धी बरोबर आहे, पाणी तेवढं चुकलं. खारं हवं, लिटरला तीसेक ग्रॅम खडेमीठ, पसरट भांडं, अंधार. वाळू निघेल. प्लास्टिकचं म्हणाल तर बेल्जियमच्या संशोधकांनी २०१४ मध्ये शिणाणे आणि कालवं स्वच्छ समुद्रपाण्यात तीन दिवस ठेवून बघितलं. शिणाण्यांत ग्रॅममागे ०.३६ कण होते ते ०.२४ झाले, कालवांत ०.४७ चे ०.३५. एक तृतीयांश किंवा त्याहून कमी गेलं, तेही तीन दिवसांत. अगदी बारीक कण पोटाची भिंत ओलांडतात. शिणाण्यांवरच्या २००८ च्या प्रयोगात ते तीन दिवसांत रक्तात गेले आणि ४८ दिवसांनीही तिथेच होते. ते भिजवून निघणार नाहीत.

म्हणजे सासूबाईंना तेहतीस गुण, उत्तीर्ण.

खाडीकाठची | शुक्र., रात्री १०.२०

सासूबाईंनी निकाल ऐकला, आणि "पस्तीसला पास असतं" एवढंच म्हणाल्या.

बुधवारी पुन्हा तिसऱ्या आणल्या. मुलाने दोन वाटे केले, एक नळाच्या पाण्यात, एक मिठाच्या. मालवणची आये बरोबर होती. मिठाच्या पाण्यातल्यांनी अर्ध्या तासात माना बाहेर काढल्या, नळाच्या पाण्यातल्या सकाळपर्यंत मिटलेल्या. सकाळी मिठाच्या पाण्याच्या तळाचा गाळ त्याने कॉफीच्या गाळणकागदावर घेतला आणि शाळेतून आणलेल्या कागदी फोल्डस्कोपखाली (घडीच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघितला. वाळूचे कण, शेवाळाचे तुकडे आणि तीन निळ्या, बारीक, वेड्यावाकड्या चकत्या! तंतू नाहीत, चकत्या. घरात कुणी निळं काही घातलं नव्हतं, ओढणीचा धडा आम्ही वाचलेला. सोमवारी प्रकल्प द्यायचाय. मृद्गंधाताई, हे प्लास्टिकच असेल ना?

मृद्गंधा | शुक्र., रात्री १०.३१

असू शकेल, छान काम केलंय त्याने. तिसऱ्या न घालता नुसतं मिठाचं पाणी रात्रभर ठेवून पाहिलंत का? आणि भांडं कशाचं होतं?

खाडीकाठची | शुक्र., रात्री १०.४८

टब होता.

गरवाला | शुक्र., रात्री १०.४९

रंग?

खाडीकाठची | शुक्र., रात्री ११.०२

उद्या पातेल्यात करतो.